तुर्कीतलं 'वार' आणि 'योक': आपल्या 'नाही'चे तीन तुकडे करायला शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुर्की शिकायला नुकतीच सुरुवात केलीय, 'वार' म्हणजे आहे आणि 'योक' म्हणजे नाही हे पाठ झालं, पण मग 'मी डॉक्टर आहे' यात वार का येत नाही? 'नाही'ला कधी योक आणि कधी 'देईल', हे ओळखायचं कसं? आणि 'माझ्याकडे गाडी आहे' म्हणायला 'बेन आराबा वार' म्हटलं तर समोरचा गालात का हसला?

मी बरीच वर्षं मराठी लोकांना तुर्की शिकवतेय. कोणी मालिका बघून वेडं झालेलं असतं, कोणाला कंपनी इस्तंबूलला पाठवत असते, कोणाचं तिकडे लग्न ठरलेलं असतं, आणि या सगळ्यांची गाडी याच ठिकाणी अडते. कारण एकच, डोक्यात वाक्य मराठीत येतं, मग त्याचं इंग्रजी होतं, आणि मग इंग्रजीचं तुर्की. मधलं स्टेशन गाळा. इंग्रजीला 'हॅव्ह' लागतं, तुर्कीत असं क्रियापद रोजच्या बोलण्यात नाही आणि मराठीत तर नाहीच नाही, मग तिकडून वळसा घालून जायचं कशाला? मराठीतून सरळ गेलात तर यातलं निम्मं आधीच येत असतं. अडचण फक्त एका शब्दाची आहे, आपल्या 'नाही'ची, त्यावर येतेच.

आधी उच्चाराचं आटपून घेऊ. तुर्की १९२८ पासून लॅटिन लिपीत लिहितात, २९ अक्षरं, आणि त्यात टिंबवाला आय वेगळा आणि बिनटिंबाचा वेगळा. हा बिनटिंबाचा स्वर आपल्याकडे नाही, ओठ गोल न करता 'ऊ' म्हणून बघा, साधारण तसा. मी तो खाली 'ऽ' असा दाखवलाय, म्हणजे 'वार मऽ' असं दिसलं की समजायचं. 'वार'मधला आ आपल्याइतका लांबवायचा नाही. आणि 'देईल' लिहिताना मधे एक ग असतो जो कोणी उच्चारत नाही, त्यामुळे कानाला 'देइल' असंच येतं. कोण कोणाला काय देईल हा विचार पहिले दोन दिवस डोक्यात येतोच, नंतर जातो.

आता पहिला प्रश्न. आपला 'आहे' दोन वेगळी कामं करतो. 'फ्रीजमध्ये दूध आहे', इथे दूध हजर आहे, अस्तित्वात आहे असं सांगतोय. 'दूध गरम आहे', इथे दुधाला गरमपणा चिकटवतोय, बाकी काही नाही. वार फक्त पहिलं काम करतो. दुसऱ्या कामाला तुर्कीत स्वतंत्र शब्दच नाही, प्रत्यय लागतो: 'दोक्तोरुम' म्हणजे मी डॉक्टर आहे, आणि 'तो' असेल तर बोलताना प्रत्ययही नाही, 'अली दोक्तोर', झालं वाक्य. 'स्युत सऽजाक', दूध गरम. त्यामुळे 'स्युत सऽजाक वार' म्हटलंत की तुर्की माणसाला ते 'दूध गरम हजर आहे' असं काहीतरी विचित्र ऐकू येतं.

याचाच पुढचा भाग जास्त मजेचा आहे, कारण इथे मराठी कामाला येते:

मासादा किताप वार. टेबलावर पुस्तक आहे.
किताप मासादा. पुस्तक टेबलावर आहे.

मराठीतही या दोन वाक्यांचा अर्थ एक नाही ना? पहिलं 'टेबलावर काय आहे?'चं उत्तर, दुसरं 'पुस्तक कुठे आहे?'चं. पुस्तक कुठलं ते दोघांना माहीत आहे, फक्त जागा सांगायचीय, म्हणजे अस्तित्वाचा प्रश्नच नाही, म्हणून वार गळतो. आपण शब्दांची जागा बदलतो, तुर्की माणूसही बदलतो आणि वर वारही काढून टाकतो. कुठे विचारताय की आहे का विचारताय, एवढंच बघायचं. 'तुवालेत नेरेदे?' म्हणजे टॉयलेट कुठे आहे, ते आहे हे गृहीत धरलंय. 'तुवालेत वार मऽ?' म्हणजे इथे टॉयलेट आहे का मुळात. प्रवासात दोन्ही लागतात, आणि घाईच्या वेळी दुसरं आधी विचारलेलं बरं.

जागा दाखवायला दा, दे, ता, ते यातला एक प्रत्यय. शब्दात शेवटचा स्वर आ, ओ, उ किंवा तो बिनटिंबाचा असेल तर दा, ए-इ आणि ओठ गोल करून म्हणायचे त्यांचे दोन भाऊ असतील तर दे, म्हणजे 'ओदादा' खोलीत, 'एवदे' घरात. शब्द क, प, त, च, स, श, फ, ह यावर संपला तर द चा त होतो: 'सोकाक्ता' रस्त्यावर, 'दोलाप्ता' कपाटात. आपलंही 'घरात', 'कपाटात' त वरच संपतं, निव्वळ योगायोग आहे पण पाठांतराला बरा. 'दोलाप्ता स्युत योक', फ्रीजमध्ये दूध नाही. दोलाप म्हणजे कपाट, पण घरात बोलताना फ्रीजलाही सर्रास दोलापच म्हणतात, त्यामुळे दूध कपाटात का ठेवलंय असं वाटून घेऊ नका.

आहे-आहेत, नाही-नाहीत ही भानगड इथे नाही. एक असो दहा असो, वार तो वारच. उलट आकडा आला की नामाचंही अनेकवचन करायचं नाही, 'उच ओदा वार', तीन खोली आहे. आपल्याला हे कानाला खटकतं आणि सवयीने लोक 'ओदालार' लावतात. लावू नका, आकडा सांगितलाय ना, तेवढं पुरे.

आता मुख्य गोष्ट, 'नाही'.

मराठीत आपण एकच 'नाही' सगळीकडे ठोकतो. घरात कोणी नाही. तो डॉक्टर नाही. मी येत नाही. तुर्कीत या तिन्हींना तीन वेगळ्या गोष्टी लागतात, आणि तीनपैकी चुकीची लावली तर अर्थ बदलतो किंवा वाक्यच मोडतं.

एवदे किम्से योक. घरात कोणी नाही. इथे गैरहजेरी आहे, म्हणून योक.
ओ दोक्तोर देईल. तो डॉक्टर नाही. इथे ओळख नाकारतोय, म्हणून देईल.
गेल्मियोरुम. मी येत नाहीये. इथे क्रिया नाकारतोय, 'गेलियोरुम' म्हणजे येतोय, त्याच्या पोटात एक म घुसवला की नकार झाला. वेगळा शब्द नाही.

तिसरा प्रकार ओळखणं सोपं आहे, क्रियापद दिसलं की योकही नाही आणि देईलही नाही, सुरुवातीला एवढं पुरतं. तरी एक वाक्य जवळजवळ प्रत्येकाचं चुकतं: 'मला माहीत नाही'. मराठीत यात क्रियापद दिसत नाही म्हणून हात योककडे जातो. तुर्कीत मात्र जाणणे हे सरळ क्रियापद आहे, 'बिल्मियोरुम'. हा शब्द पहिल्याच दिवशी पाठ करा, तो तुम्हाला सगळ्यात जास्त लागणार आहे.

योक आणि देईल यातला गोंधळ सोडवायला आपल्याच भाषेत एक जुनी चावी पडलीय, ती म्हणजे 'नव्हे'. शहरात आता फारसं कोणी बोलत नाही, पण आजीच्या तोंडी असतो, गावाकडे 'न्हवं' म्हणून रोज ऐकू येतो. 'हा माझा भाऊ नव्हे.' 'सोनं नव्हे, पितळ आहे.' तुमच्या वाक्यात 'नाही' काढून 'नव्हे' बसतोय का बघा. बसला तर देईल. नाही बसला आणि तिथे 'नाहीये, हजर नाहीये' असं म्हणता आलं तर योक. 'सु देईल', हे पाणी नव्हे, दुसरं काहीतरी आहे, पिऊ नका. 'सु योक', पाणी नाही, नळाला आलेलं नाही किंवा बाटली संपली. 'दोक्तोर देईल', तो डॉक्टर नव्हे. 'दोक्तोर योक', डॉक्टर दवाखान्यात नाहीत, नंतर या.

सगळ्यात भारी जोडी ही: कोणी 'तेशेक्क्युर' म्हणजे आभार मानले की उत्तर 'बिर शेय देईल', आपण 'अहो काही नाही, त्यात काय' म्हणतो तसं. पण 'बिर शेय योक' म्हणजे काहीच नाहीये, रिकामं आहे, किंवा काही झालेलं नाही, काळजी नको. मराठीत दोन्हीकडे 'काही नाही' चालतं, म्हणून आपले लोक आभाराला हमखास 'बिर शेय योक' म्हणतात. समोरच्याला कळतं, पण हसू येतं.

जागेच्या बाबतीत थोडी गंमत आहे. 'किताप मासादा देईल', पुस्तक टेबलावर नाही, म्हणजे टेबलावर नव्हे, दुसरीकडे कुठेतरी आहे. इथे नव्हेची परीक्षा पास. पण माणसांबद्दल बोलताना 'बाबाम एवदे योक', बाबा घरी नाहीत, हे तुम्हाला सारखं ऐकू येईल आणि व्याकरणाच्या पुस्तकातलं 'एवदे देईल' पण ऐकू येईल. दोन्ही चालतात. योक म्हटलं की भर गैरहजेरीवर असतो, देईल म्हटलं की 'घरी नाहीत, बाहेर कुठेतरी आहेत' असा सूर लागतो. सुरुवातीला यात डोकं घालू नका, दाराशी आलेल्याला 'एवदे योक' म्हणालात तर कोणीही चूक काढणार नाही.

आता गाडी. 'बेन आराबा वार' हे शब्दशः 'मी गाडी आहे' होतं, म्हणून तो हसला. तुर्कीत मालकी सांगायची पद्धत अशी की वस्तूला आधी आपलं करायचं आणि मग ती आहे म्हणायचं: 'आराबा' गाडी, 'आराबाम' माझी गाडी, 'आराबाम वार' माझी गाडी आहे, म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. पुढे 'बेनिम' लावलं तर जोर येतो, नाही लावलं तरी काही अडत नाही कारण 'म'मध्येच 'माझी' आलंय. 'कार्देशिम योक', मला भावंड नाही. 'इकि चोजूम वार', मला दोन मुलं आहेत.

मराठीत आपण इथे बरेच भेद करतो, माणसं असली की 'मला भाऊ आहे', पैसे असले की 'माझ्याकडे पैसे आहेत', घराचे भाग असले की 'घराला दोन दारं आहेत'. तुर्कीत तिन्हीला एकच साचा, आपलं करा आणि वार लावा. हे कळलं की मोकळं वाटतं.

तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना मात्र दोन्हीकडे खूण लागते, मालकालाही आणि वस्तूलाही. 'अलीनिन आराबासऽ वार', अलीची गाडी-त्याची आहे. नवशिके 'अलीनिन आराबा वार' म्हणून थांबतात कारण आपल्या कानाला 'अलीची गाडी आहे' पुरेसं वाटतं, मालकावर एकदा 'ची' लावली की काम झालं असं. तुर्कीत शेपूट राहिलं की वाक्य लंगडतं. मी हे सुधारून सुधारून थकलेय, तेव्हा आत्ताच मनावर घ्या.

'माझ्याकडे'ला शब्दशः पण एक रूप आहे, 'बेन्दे'. पण ते मालकीसाठी नाही, आत्ता या क्षणी जवळ असण्यासाठी आहे. 'पाराम योक' म्हणजे मला पैसे नाहीत, परिस्थितीच तशी. 'बेन्दे पारा योक' म्हणजे आत्ता माझ्याजवळ नाहीत, पाकीट घरी राहिलं, तू दे. सुट्टे नसले की 'बेन्दे बोझुक योक', बोझुक म्हणजे खरं तर मोडलेलं, आपण नोट मोडून घेतो ना, तेच. आणि चावीचा संवाद ऐका: 'आनाहतार सेन्दे मि?' चावी तुझ्याकडे आहे का? 'बेन्दे देईल.' माझ्याकडे नाही. इथे वारही नाही योकही नाही, कारण कुठली चावी ते दोघांनाही माहीत आहे, प्रश्न फक्त कोणाकडे आहे एवढाच. वरचं पुस्तक-टेबलाचंच प्रकरण आहे हे.

दुकानात तर तुम्ही मराठीच बोला असं मी सांगते. 'याचा निळा आहे का?' हे शब्दाला शब्द लावून तुर्की करा: 'बुनुन माविसि वार मऽ?' याचा, निळा-त्याचा, आहे, का. 'याचा छोटा आहे का?' 'बुनुन क्युच्यू वार मऽ?' इंग्रजीतून गेलात तर या वाक्याला पोचायला दहा मिनिटं लागतात. प्रश्नाचा 'का' वारनंतर 'मऽ' होतो आणि योकनंतर 'मु', 'चाय योक मु?' चहा नाही का? आणि उत्तर देताना हो-नाहीपेक्षा वार किंवा योक हेच उत्तर स्वाभाविक, 'एक्मेक वार मऽ?' 'वार.' आपणही 'ब्रेड आहे का?' 'आहे.' असंच बोलतो की.

बरं, तुर्कीत 'हायऽर' म्हणजे नाही असं पुस्तकात असतं. ते चुकीचं नाही, पण घरगुती बोलण्यात जरा कडक वाटतं. कोणी चहा विचारला आणि नको असेल तर 'योक, साओल', नको, थँक्यू. आपल्याकडे नको वेगळा आणि नाही वेगळा, त्यांचा योक दोन्ही निभावतो. 'योक जानऽम' म्हणजे छे गं, काहीतरीच. 'योक आर्तऽक!' म्हणजे काय सांगतेस, शक्यच नाही, हे तुम्ही मालिकेत शंभर वेळा ऐकलं असेल. आणि 'बु द्युक्क्यान्दा योक योक', या दुकानात नाही नाही, म्हणजे असं काही नाहीच जे इथे मिळत नाही.

वार-योकची काही वाक्यं तयार गिळायचीच आहेत, फोड करत बसू नका, पण मराठी कानाला ती परकी वाटत नाहीत. 'इशिम वार' मला काम आहे. 'वाक्तिम योक' मला वेळ नाही, वाकित म्हणजे आपला हिंदीतला वक्त. 'हाबेरिम योक' मला खबर नाही, शब्द तोच. 'आतेशिम वार' मला ताप आहे, शब्दशः माझी आग आहे. 'मिसाफिरिमिझ वार' आमच्याकडे पाहुणे आहेत, आपला मुसाफिर तिकडे जाऊन पाहुणा झालाय. 'यारऽन सऽनावऽम वार' उद्या माझी परीक्षा आहे, भविष्यकाळ करायची गरज नाही, आपणही 'असेल' म्हणत नाही. कोणी तोंड पाडून बसलं असेल तर 'नेयिन वार?', तुझं काय आहे, म्हणजे काय होतंय तुला. उत्तर बहुधा 'बिर शेयिम योक', काही नाही मला, आणि मग अर्धा तास रडगाणं. 'ने वार ने योक?' म्हणजे काय विशेष, काय चाललंय. पण नुसतं 'ने वार?' जरा तुसडं आहे, 'काय आहे?' असं खेकसल्यासारखं, जपून वापरा.

शाळेतलं एक सांगायचा मोह आवरत नाही. बेरीज करताना आपण 'हातचा एक' म्हणतो ना, तुर्की पोरं म्हणतात 'एल्दे वार बिर', हातात आहे एक. हे पहिल्यांदा वर्गात सांगितलं की सगळ्यांचे चेहरे फुलतात.

वारच्या आधी नाम यावं लागतं असं सगळे शिकवतात, पण क्रियापदापासून बनलेलं नाम पण चालतं आणि रस्त्यावर तेच जास्त ऐकू येतं. दोल्मुश म्हणजे तिकडची शेअर व्हॅन, त्यात बसलात आणि उतरायचं असलं की ओरडायचं 'इनेजेक वार!', उतरणारं आहे! मी उतरतोय असं नाही, उतरणारं कोणीतरी आहे. नम्रपणे हवं तर 'म्युसाइत बिर येरदे इनेजेक वार', सोयीच्या जागी उतरणारं आहे. इथे बटण वगैरे शोधत बसू नका, आवाज टाका.

याच साच्यातलं एक वाक्य तुर्कीत सगळ्यांना माहीत आहे आणि ते कोणी सहज वापरत नाही. १७ ऑगस्ट १९९९ च्या भूकंपात ढिगाऱ्यावर उभं राहून बचाव पथकं हाक मारायची: 'सेसिमि दुयान वार मऽ?' माझा आवाज ऐकणारं कोणी आहे का? फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात हीच हाक पुन्हा टीव्हीवर ऐकू आली, भारताची पथकंही तेव्हा तिकडे गेली होती आणि त्या मोहिमेचं नाव 'ऑपरेशन दोस्त' होतं, दोस्त हा शब्द दोन्हीकडे एकच. वाक्य व्याकरणासाठी लक्षात ठेवा, 'दुयान' म्हणजे ऐकणारा, 'वार मऽ' आहे का. पण उगाच गंमत म्हणून वर्गात ओरडू नका, तिथे लोकांच्या घरातली माणसं गेलीत.

काळाचं बघू. होतं म्हणजे 'वार्दऽ', नव्हतं म्हणजे 'योक्तु'. 'द्युन देर्स योक्तु', काल क्लास नव्हता. यापेक्षा वेगळं एक रूप आहे, 'वार्मऽश' आणि 'योक्मुश', आणि हे मराठी माणसाला एका शब्दात कळतं: म्हणे. 'यारऽन ग्रेव्ह वार्मऽश', उद्या संप आहे म्हणे. मी पाहिलेलं नाही, ऐकलंय. म्हणूनच तुर्की गोष्टी 'बिर वार्मऽश, बिर योक्मुश' अशा सुरू होतात, एकदा होतं म्हणे, एकदा नव्हतं म्हणे, आपलं आटपाट नगर समजा. या रूपाला आश्चर्याचाही एक रंग आहे. जुन्या कोटाच्या खिशात नोट सापडली तर 'पारा वार्मऽश!', अरेच्चा, पैसे होते की! इथे ऐकीव काही नाही, पण आत्ता कळलं, आधी माहीत नव्हतं, म्हणून हे रूप.

असेल तर म्हणजे 'वार्सा', नसेल तर 'योक्सा'. 'वाक्तिन वार्सा गेल', वेळ असेल तर ये. आणि योक्सा बघा, आपल्या 'नाहीतर'सारखाच बनलाय आणि तसाच वापरतात: 'चाबुक ओल, योक्सा गेच कालाजाअऽझ', चल लवकर, नाहीतर उशीर होईल. चहा की कॉफी विचारतानाही येतो, 'चाय मऽ योक्सा काहवे मि?'

पुढे जाऊन 'असणार', 'असलेला', 'नसलेला' असं काही म्हणायचं झालं की वार-योक हात वर करतात, कारण ती क्रियापदं नाहीत, त्यांना त्या सगळ्या रूपांत फिरवता येत नाही. मग 'ओल्माक' येतं: 'ओलाजाक' असेल, 'ओल्मायाजाक' नसेल, 'आराबासऽ ओलान' गाडी असलेला, 'ओल्मायान' नसलेला. हे आत्ता नुसतं वाचून ठेवा, पहिल्या महिन्यात लागत नाही.

खाण्याचं मात्र पहिल्या दिवसापासून लागतं, विशेषतः शाकाहारी असाल तर. एखादी गोष्ट नसलेलं हे सांगायला सिझ हा प्रत्यय आहे आणि असलेलं सांगायला लि. शब्दाप्रमाणे त्यांचा स्वर बदलतो: 'शेकेर्सिझ चाय' बिनसाखरेचा चहा, 'स्युत्ल्यु काहवे' दुधाची कॉफी. जाता जाता, 'एव' म्हणजे घर आणि 'एवलि' म्हणजे विवाहित. घर असलेला तो लग्न झालेला, बाकी आपण समजून घ्यायचं. 'एत्सिझ' म्हणजे मांसाशिवाय, पण तेवढ्यावर विसंबू नका, बऱ्याच लोकांच्या डोक्यात एत म्हणजे बोकडाचं, गाईचं, कोंबडी त्यात धरत नाहीत. त्यामुळे तीन प्रश्न ओळीने विचारा: 'इचिन्दे एत वार मऽ?' यात मांस आहे का? 'तावुक वार मऽ?' कोंबडी आहे का? आणि सूप असेल तर 'एत सुयु वार मऽ?' मांसाचं पाणी आहे का, कारण मसूरचं सूप दिसायला निष्पाप असलं तरी कधीकधी त्यातच शिजवलेलं असतं. 'झेय्तिन्यालऽ' म्हणून ऑलिव्ह तेलातल्या थंड भाज्यांचा प्रकार मिळतो, तो बहुतेक वेळा सुरक्षित. आणि चि क्योफ्ते नावावरून कच्चं मांस वाटेल, पण दुकानात रोल करून विकतात ते आता दलियाचं असतं, मांस नसतं.

रात्री औषध लागलं तर 'याकऽन्दा न्योबेत्चि एजझाने वार मऽ?', जवळपास पाळीवरचं मेडिकल आहे का. तिकडे औषधाची दुकानं रात्री आळीपाळीने उघडी ठेवतात आणि बंद दुकानाच्या काचेवर आज कोणाची पाळी ते लावलेलं असतं. न्योबेत म्हणजे पाळी, आणि आपली नौबत त्याच अरबी शब्दातून आलीय.

मध्य आशियात शिकायला गेलेल्या मराठी पोरांनाही हे कामाला येईल, किरगिझमध्ये हेच 'बार' आणि 'जोक' होतं, उझबेकमध्ये 'बोर' आणि 'योक'. थोडा उच्चार फिरवला की दुकानदाराला कळतं.

सरावासाठी वही घेऊन बसू नका, स्वयंपाकघरात उभं राहा आणि दिसेल त्याला वार, संपलं असेल त्याला योक म्हणत जा. 'तुझ वार. शेकेर योक. सोआन वार.' मीठ आहे, साखर नाही, कांदा आहे. मग प्रत्येकावर स्वतःला उलट प्रश्न विचारा, 'तुझ वार मऽ?' मग भूतकाळ. दोन आठवडे रोज पाच मिनिटं केलंत तर तोंडाला वळण पडतं, आणि शब्दसंग्रह फुकटात वाढतो.

एक शेवटचं, जे पुस्तकात सहसा नसतं. दुकानात गेलात, काही विचारलंत, तर दुकानदार योक म्हणेलच असं नाही. 'काल्मादऽ' म्हणेल, म्हणजे उरलं नाही, किंवा 'बित्ति', संपलं. आणि खूपदा यातलं काहीच म्हणणार नाही, नुसत्या भुवया वर करेल, हनुवटी किंचित मागे टाकेल, फार तर जिभेने 'च्च' करेल. आपल्याला वाटतं त्याने 'काय?' विचारलं, मग आपण प्रश्न पुन्हा, जरा मोठ्याने विचारतो, तो पुन्हा भुवया उचलतो, असं तीनदा चालतं. तो पहिल्याच वेळी योक म्हणून मोकळा झालाय, पुढच्या दुकानात जा.